दोन संस्थांच्या मेल सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, फोंडा, वास्को, वेर्णे इथल्या लहान-मध्यम संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे तेच ते प्रश्न येत राहतात. पतसंस्थेचे व्यवस्थापक विचारतात, शिपिंग एजंटच्या कचेरीतून फोन येतो, सीएंकडचे शिकाऊ आर्टिकल व्हॉट्सअॅपवर विचारतात, तेही रात्री साडेदहाला. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. पहिले चार प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. पुढचे ज्याच्या हातात सर्व्हर आहे त्याच्यासाठी, पण पात्रावांनी (मालकांनी) निदान सातवा आणि अकरावा वाचावा.

१. आमच्या मेलला ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं. म्हणजे मेल एन्क्रिप्ट होऊनच, वाटेत कुणाला वाचता येणार नाही असा झाकूनच जातो ना?

ते कुलूप तुमचा ब्राउझर आणि तुमचा मेल सर्व्हर एवढ्यापुरतंच. पणजीहून चोडणला कुणाला पार्सल पाठवायचं असेल तर रायबंदरच्या धक्क्यापर्यंत तुमची स्कूटर, मग फेरीबोट, आणि पलीकडे दुसऱ्याच कुणाची तरी गाडी. तुम्हाला दिसतं ते स्कूटरच्या डिकीचं कुलूप. फेरीवर पार्सल पेटीत होतं की उघड्यावर, हे त्यावरून कळत नाही. या पानावर फक्त फेरीचा विचार आहे: तुमच्या संस्थेचा सर्व्हर ते समोरच्या संस्थेचा सर्व्हर.

२. त्या टप्प्यात नेमकं काय घडतं?

सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या भाषेत बोलतात. ही भाषा १९८२ सालची. तेव्हा नेटवर्कवर मोजकी मंडळी होती, त्यामुळे बोलणं उघड्या अक्षरांत ठेवण्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. १९९९ मध्ये तिच्यात स्टार्टटीएलएस ही आज्ञा आली आणि २००२ च्या आरएफसी ३२०७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) तिला आजचं रूप मिळालं.

तुमचा सर्व्हर समोरच्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जातो आणि नमस्कार करतो. समोरचा आपल्याला काय काय येतं त्याची यादी वाचतो. यादीत स्टार्टटीएलएस असेल तर तुमचा सर्व्हर म्हणतो, चला, आता झाकून बोलू. दोघं टीएलएसच्या (झाकून बोलण्याच्या पद्धतीच्या) किल्ल्या ठरवतात आणि संभाषण पुन्हा नमस्कारापासून सुरू होतं. त्यापुढचं सगळं, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, विषय, मजकूर, जोडलेल्या फाइल, झाकलेलं जातं.

३. आम्ही कधी काहीच सेट केलं नाही. तरी हे चालू असेल का?

बहुतेक असेल. जीमेल, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अलीकडे बसवलेला कुठलाही नीटसा सर्व्हर समोरच्याला जमत असेल तर टीएलएस वापरतो. अडचण 'जमत असेल तर' या शब्दांत आहे. समोरच्यानं स्टार्टटीएलएस दिलं नाही तर मेल गुपचूप उघडा जातो. समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, भलत्याच नावाचं असलं तरीही जातो. तुम्हाला कळत नाही, कारण मेल पोचतो. पोचलेल्या मेलबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही!

म्हणून 'आमच्याकडे एन्क्रिप्शन आहे का' हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे, की एन्क्रिप्शन जमलं नाही तर तुमचा सर्व्हर मेल थांबवतो का.

४. एखादा मेल झाकून आला की उघडा, हे कसं पाहायचं?

आलेल्या मेलचा मूळ मजकूर उघडा. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत 'मूळ दाखवा' असा पर्याय असतो. त्यात 'रिसीव्ह्ड' नावाच्या ओळी सापडतील. तुमच्या सर्व्हरनं लिहिलेल्या ओळीत 'ईएसएमटीपीएस' असं असेल, तर शेवटचा 'एस' टीएलएसचा. नुसतं 'ईएसएमटीपी' असेल तर उघडा आला. पुष्कळदा शेजारी टीएलएसची आवृत्तीही असते. त्याखालच्या ओळी दुसऱ्यांच्या सर्व्हरनी लिहिलेल्या असतात आणि खोट्या लिहिता येतात, त्यांवर फार विसंबू नका. जीमेलवर उघड्या आलेल्या मेलला लाल, उघडं कुलूप दिसतं. ही खूण २०१६ पासूनची आहे.

पाठवलेल्या मेलसाठी तुमच्याच सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, पाहावा लागतो. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम) असेल तर टीएलएस कनेक्शनच्या ओळीच्या सुरुवातीचा शब्द महत्त्वाचा. 'अनट्रस्टेड' म्हणजे झाकलं, पण समोर कोण आहे ते पटलं नाही. 'ट्रस्टेड' म्हणजे सर्टिफिकेट खरं, पण नाव ताडलं नाही. 'व्हेरिफाइड' म्हणजे नावही जुळलं.

५. डीकेआयएम, एसपीएफ, डीमार्क सगळं लावलंय. आणखी काय हवं?

ती तिन्ही मेल खरंच तुमच्या डोमेनकडून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाकडून) आला का, हे सांगतात. मजकूर झाकण्याशी त्यांचा संबंध नाही. डीकेआयएमची सही असलेला मेलही वाटेत कुणीही सुखेनैव वाचू शकतो.

६. 'जमलं तर झाका' यात धोका कोणाचा? आमचे मेल कोण वाचत बसणार?

मुद्दाम वाचणारा माणूस असावाच लागतो असं नाही. वेर्ण्याच्या एका कारखान्याचे जर्मनीतल्या प्रयोगशाळेला जाणारे मेल कित्येक महिने उघडे जात होते. कारण निघालं त्यांचंच फायरवॉल. त्यात मेलची 'तपासणी' करणारी एक जुनी सोय चालू राहिली होती आणि समोरच्या सर्व्हरच्या यादीतला ओळखीचा नसलेला शब्द ती एक्स-एक्स-एक्स करून टाकायची. तो शब्द होता स्टार्टटीएलएस. कारखान्याच्या सर्व्हरला वाटलं, समोरच्याला हे येतच नाही. सुरक्षेसाठी विकत घेतलेल्या पेटीनं सुरक्षा काढून घेतली होती. ती सोय बंद करायला दोन मिनिटं लागली, सापडायला दोन दिवस.

यंत्र अजाणता जे करतं तेच हल्लेखोर जाणूनबुजून करतो. वाटेत बसून यादीतून तो शब्द पुसला की काम झालं, कारण ती यादी उघड्या अक्षरांत येते. दुसरी वाट डीएनएसची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नोंदवहीची. तुमच्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचे हे एमएक्स रेकॉर्ड सांगतं. त्याचं उत्तर वाटेत बदललं तर मेल झाकून जातो खरा, पण चोराच्या दारात.

मग सर्व्हर सर्टिफिकेट तपासत का नाहीत? त्याची दोन कारणं. एक, कित्येक सर्व्हरवर स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट असतं, तपासणी सक्तीची केली तर त्यांना मेलच जाणार नाही. दुसरं जास्त खोल आहे. ताडायचं नाव मिळतं एमएक्स रेकॉर्डमधून, आणि शंका त्या रेकॉर्डचीच असते. चोरानं दिलेल्या पत्त्यावर जाऊन चोराचंच ओळखपत्र तपासलं तर ते जुळणारच.

७. आम्ही आणि समोरची संस्था, दोघंच ठरवून पक्कं करू शकतो का?

हो, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. रोज एकाच बँकेशी, एकाच टीपीएशी (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेशी), एकाच कस्टम हाउस एजंटशी मेलची देवघेव असेल तर जगभरच्या सर्व्हरची चिंता बाजूला ठेवा. त्या एका डोमेनसाठी नियम घाला: टीएलएस नाही तर मेल नाही.

पोस्टफिक्समध्ये यासाठी टीएलएस पॉलिसी मॅप असतो. त्यात डोमेनसमोर 'एन्क्रिप्ट' लिहिलं तर झाकणं सक्तीचं होतं, पण ओळख तपासली जात नाही. 'सिक्युअर' लिहिलं तर सर्टिफिकेटवरचं नावही ताडलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये हेच काम भागीदार संस्थेसाठीच्या कनेक्टरमधून होतं. गूगल वर्कस्पेसच्या अॅडमिन कन्सोलमध्येही ठरावीक डोमेनसाठी टीएलएस सक्तीचं करायची सोय आहे.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. 'सिक्युअर' पातळीला सर्टिफिकेटवर समोरच्या संस्थेचं डोमेन हवं असतं. संस्थेचे मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असतील तर सर्टिफिकेटवर त्या कंपनीची नावं असतात, संस्थेचं नसतं. मग सगळे मेल अडकतात. जुळवायची नावं नियमात स्वतः लिहून द्यावी लागतात, आणि ती समोरच्यांकडून फोनवर विचारून घ्यावीत. डीएनएसमधून उचलली तर वरची चोराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

नियम दोन्हीकडे लागतो. तुम्ही सक्ती केली तर तुमच्याकडून जाणारे मेल सुरक्षित झाले, त्यांच्या उत्तरांचं त्यांनी पाहायचं. म्हणून आधी पानभर कागद करा: कुठली डोमेनं, कुठली सर्टिफिकेटं, टीएलएसची किमान आवृत्ती कोणती, आणि अडचण आली तर दोन्हीकडच्या कुणाला फोन करायचा. नाव नको, हुद्दा आणि नंबर लिहा, माणसं बदलतात. आवृत्ती १.२ पासून पुढेच ठेवा. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या.

८. शंभर संस्थांशी व्यवहार आहे. प्रत्येकाशी कागद कुठे करत बसू?

त्यासाठी एमटीए-एसटीएस आहे, २०१८ चं मानक. तुम्ही जगाला जाहीर करता की आमच्याकडे मेल आणायचा तर टीएलएस वापरूनच, अमुक नावाच्या सर्व्हरकडेच, आणि सर्टिफिकेट तपासूनच.

कृती छोटी आहे. डीएनएसमध्ये एक टेक्स्ट रेकॉर्ड टाकायचं आणि 'एमटीए-एसटीएस' या उपडोमेनवर एक लहानशी पॉलिसी फाइल ठेवायची. फाइल एचटीटीपीएसवरूनच मिळाली पाहिजे, दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेली चालत नाही. फाइलमध्ये पद्धत, एमएक्सची नावं आणि ती किती सेकंद लक्षात ठेवायची ते लिहायचं. आधी 'टेस्टिंग' (नुसती चाचणी) पद्धत ठेवा, चार-सहा आठवडे रिपोर्ट पाहा (प्रश्न १२), मग 'एन्फोर्स' (सक्ती) करा. फाइल बदलली की डीएनएस रेकॉर्डमधला आयडीसुद्धा बदलायचा. हे हमखास विसरलं जातं, आणि मग पाठवणारे जुनीच फाइल धरून बसतात.

दुबळी बाजू दोन. पाठवणाऱ्याची तुमच्याशी पहिलीच गाठ असेल आणि नेमकी तेव्हाच कुणी डीएनएस अडवली, तर पॉलिसी त्याला दिसतच नाही. आणि पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला हे मानक कळायला हवं. जीमेल २०१९ पासून ते पाळतं, मायक्रोसॉफ्टही पाळतं. पोस्टफिक्सला मात्र त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्रॅम जोडावा लागतो.

९. युरोपातले ग्राहक 'डेन आहे का' असं विचारतात. ही काय भानगड?

डेनमध्ये सर्टिफिकेटची खूण थेट डीएनएसमध्ये ठेवतात, टीएलएसए नावाच्या रेकॉर्डमध्ये, आणि ती डीएनएस खोटी नाही याची हमी डीएनएसएसईसीच्या सह्या देतात. मेलसाठीचं त्याचं मानक २०१५ चं, आरएफसी ७६७२. प्रश्न ६ मधला एमएक्सचा पेच इथे मुळापासून सुटतो. नेदरलँड्स आणि जर्मनीत हे बरंच रुळलंय, म्हणून तिकडून विचारणा येते. डच मंडळींचं इंटरनेट डॉट एनएल हे चाचणीचं संकेतस्थळ आहे. तिथे तुमचं डोमेन टाका, ग्राहक जे पाहतो ते तुम्हालाही दिसेल.

तुमचं डीएनएस ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी डीएनएसएसईसीबद्दल विचारा. डोमेन विकणाऱ्या स्वस्त दुकानांत ही सोय नसते, किंवा असते आणि फोन उचलणाऱ्याला ठाऊक नसते. एमएक्सचं नाव दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्या नावाच्या डोमेनलाही डीएनएसएसईसी लागतं, नुसतं तुमच्याला असून भागत नाही.

१०. दोन्हींतलं कोणतं घ्यावं?

डीएनएसएसईसी जमत असेल तर दोन्ही, नसेल तर एमटीए-एसटीएस. दोन्ही असताना डेनची तपासणी फसली, तर एमटीए-एसटीएसच्या आधारावर मेल पाठवता येत नाही, मानकात तसं स्पष्ट लिहिलंय.

११. सक्ती केली आणि मेल अडकला तर? आमची जीएसटीची २० तारीख चुकेल!

अडकेल, आणि ते अपेक्षितच आहे. अडकलेला मेल लगेच परत येत नाही, रांगेत थांबतो आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस थांबतो आणि मगच 'गेला नाही' असं कळवतो. उशीर होतोय ही सूचना तो आपणहून देत नाही, ती चालू करावी लागते. मी सक्तीच्या डोमेनांसाठी नेहमी चालू करतो, दोन तासांची मर्यादा घालून.

फोंड्याच्या एका पतसंस्थेचं सर्टिफिकेट ऐन गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी संपलं. चवथीला गोवा कागदावर दोन दिवस बंद असतो आणि मनानं आठवडाभर. पलीकडच्या लेखापालांकडे सक्तीचा नियम होता, त्यामुळे त्यांचे मेल शहाण्यासारखे रांगेत थांबले. पाचव्या दिवशी सगळे एकदम परतले, आणि तोवर मी गावी माटोळीखाली बसून नेवऱ्या खात होतो. नियम बरोबरच चालला. चुकलं ते आमचं: इशारा कुणाला जावा हे ठरवलंच नव्हतं.

१२. असे इशारे आपोआप मिळवायची काही सोय आहे का?

टीएलएस-आरपीटी. डीएनएसमध्ये एक टेक्स्ट रेकॉर्ड टाकून रिपोर्टसाठी मेलचा पत्ता द्यायचा. मोठे पाठवणारे दिवसाकाठी एक रिपोर्ट धाडतात: तुमच्याकडे किती कनेक्शनं झाकून झाली, किती फसली, का फसली. जेसन फाइल असते, झिप केलेली, वाचायला रूक्ष. पण 'सर्टिफिकेट संपलं' किंवा 'स्टार्टटीएलएस मिळालं नाही' अशी कारणं त्यात सरळ लिहिलेली असतात. कुणीच उघडत नाही अशा पेटीत ते पाठवू नका. आणि त्या पेटीचा सर्व्हर वेगळ्या डोमेनवर असला तर बरं, नाहीतर बिघाडाची बातमीच बिघाडात अडकते.

१३. सर्टिफिकेटचं नूतनीकरण आपोआप होतं. मग धास्ती कसली?

नवं सर्टिफिकेट डिस्कवर येतं आणि चालू सेवा जुनंच दाखवत राहते, हा प्रकार वर्षातून एकदा तरी पाहतो. म्हणून फाइलची तारीख पाहू नका. बाहेरून २५ पोर्टवर जाऊन सर्व्हर प्रत्यक्ष काय दाखवतो ते पाहा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं आजवर ९० दिवसांची मिळत आली आहेत आणि सगळ्याच कंपन्यांची मुदत घटत चालली आहे. २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय. हातानं बदलायची सवय आत्ताच सोडा.

डेन वापरत असाल तर आणखी एक जपा. किल्ली बदलणार असाल तर नवं टीएलएसए रेकॉर्ड आधी टाका, जुनं तसंच राहू द्या, डीएनएसमधलं जुनं उत्तर सगळीकडून विरेपर्यंत थांबा, आणि मगच सर्टिफिकेट बदला. नूतनीकरणात तीच किल्ली ठेवली तर ही कटकटच नाही.

१४. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच मेलना टीएलएस सक्तीचं केलं तर?

करू नका. जाहीर एमएक्स असलेल्या सर्व्हरनं सरसकट सक्ती करू नये असं आरएफसी ३२०७ च सांगतं. पंचायतीचा जुना सर्व्हर किंवा एखादं सरकारी पोर्टल उघडा मेल पाठवत असेल तर तो तुम्हाला हवाच असतो. ज्यांच्याशी ठरलंय त्यांच्या नावानं येणारा उघडा मेल तेवढा नाकारा.

१५. २५ ऐवजी ४६५ किंवा ५८७ पोर्ट वापरलं तर जास्त सुरक्षित?

ती पोर्टं तुमच्या आउटलुकसाठी, फोनसाठी, ऑफिसातल्या स्कॅनरसाठी. परका सर्व्हर तुमच्याकडे २५ वरच येणार. स्कॅनर जुना असून त्याला टीएलएस १.० च कळत असेल, तर त्याच्यासाठी आतल्या नेटवर्कपुरती वेगळी वाट ठेवा. एका स्कॅनरपायी मुख्य सर्व्हरची पातळी खाली आणू नका.

१६. मध्ये स्पॅम गाळणारी सेवा आहे. नियम कुणाला लागू होतो?

फेरी आता दोन झाल्या. पाठवणारा ते गाळणी, आणि गाळणी ते तुम्ही. टीएलएस गाळणीपाशी उघडतं, मेल तिथे वाचला जातो (त्याशिवाय गाळणार कसा?), आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्यानं झाकला जातो, किंवा जात नाही. दुसऱ्या टप्प्याची सक्ती तुम्हाला गाळणीच्या सेटिंगमध्ये वेगळी करावी लागते. समोरच्यांना कळवायची सर्टिफिकेटची नावंही गाळणीचीच. जुनी बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा सर्व्हर) कुठे पडून असेल तर तीही तपासा, तिथे टीएलएस नसलं तर बाकीची मेहनत वाया. आणि कुणी कर्मचारी कामाचे मेल खासगी पेटीकडे आपोआप फॉरवर्ड करत असेल, तर तो टप्पा तुमच्या कराराच्या बाहेरचा.

याच्या उलटही घडतं. दोन्ही संस्था एकाच पुरवठादाराकडे असतील तर मेल बहुधा त्यांच्या आतल्या जाळ्यातच फिरतो आणि २५ पोर्टचा हा खटाटोप त्याला लागूच होत नाही.

१७. एवढं केल्यावर एस-माइम किंवा पीजीपी लागतं का?

टीएलएस वाट झाकतं. दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर मेल उघडाच असतो, तिथल्या अॅडमिनला वाचता येतो. म्हणजे मलाही! तुमच्या वकिलाचा मेल मी वाचू नये असं वाटत असेल तर एस-माइम किंवा पीजीपी हवं, त्यांत मजकूर पाठवणाऱ्याकडेच झाकला जातो आणि घेणाऱ्याकडेच उघडतो. मात्र त्यांत विषयाची ओळ सहसा उघडी राहते, किल्ल्या माणसागणिक सांभाळाव्या लागतात, आणि माणूस नोकरी सोडून गेला की जुने मेल उघडताना पंचाईत. संस्थेतल्या तीन-चार जणांसाठी ठीक. शंभर जणांसाठी मी अजून सुरळीत चाललेलं पाहिलेलं नाही.

१८. कायदा काही सांगतो का?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 'वाजवी सुरक्षा उपाय' मागतो आणि ते न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत अशा उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा उल्लेख नावानिशी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. मेलचा लॉग त्यात धरा, प्रश्न ४ चं उत्तर त्यातच मिळणार आहे. अर्थ लावायला वकील गाठा, मी सर्व्हरवाला.

१९. समोरचे म्हणतात, 'आमचा सर्व्हर जुना आहे, तुम्हीच सक्ती काढा.' काय करू?

नियम काढू नका, त्या एका व्यवहारासाठी दुसरी वाट शोधा. फाइल तुमच्या एचटीटीपीएस पोर्टलवर ठेवून दुवा पाठवता येतो, उघडताना लॉगिन मागायचं. तेही जमत नसेल तर पासवर्ड घातलेली फाइल मेलनं पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. पासवर्ड मागोमाग दुसऱ्या मेलनं पाठवणारे मी रोज पाहतो, तो त्याच उघड्या फेरीतून जातो. आणि जन्मतारीख हा पासवर्ड धरू नका, फेसबुकवर दरवर्षी तुम्हाला शुभेच्छा येतात. समोरच्यांना सर्व्हर सुधारायची तारीख विचारा, ती प्रश्न ७ मधल्या कागदावर लिहा, आणि त्या दिवशी फोन करा.